सात जोड्यांच्या भेंड्या

१६ ऑगस्ट १९५६, गुरुवार

यांनी काल झेंडावंदन झाल्यावर मारुतीच्या पारावर गावाला शब्द दिला, आणि मला आज सांगितलं. तेही वरणात मीठ कमी आहे हे सांगून झाल्यावर.

शब्द काय, तर यंदाच्या पोळ्याला तोरणाखालून कोणाची जोडी आधी जाईल ते मास्तर गणिताने ठरवतील. मास्तर म्हणजे हे. गणित म्हणजे कोण, ते मला माहीत नाही.

वाडीत बैलजोड्या सात. जी पहिली जाते तिच्या शिंगांनी तोरण तुटतं, आणि मग वर्षभर त्या घरचा माणूस पारावर मांडी ठोकून बसतो. एवढ्यासाठी! दोन वर्षांमागे चिठ्ठ्या टाकल्या. एक नंबर रामकिसनला आला, तर उकंडराव म्हणाले, लोटा रामकिसनच्या घरचा होता. गेल्या वर्षी ठरलं की ज्याचा बैल वयाने मोठा तो पुढे. मग बैलांचे दात मोजणं आलं. उकंडरावांचा बैल रामकिसनच्या बोटाला चावला आणि रामकिसन उकंडरावांना चावला. बैल सातही दिशांना पळाले. मालेगावहून शिपाई आला आणि पुरणपोळी खाऊन गेला.

म्हणून यंदा गणित. मी विचारलं, "कोणतं गणित?" तर म्हणाले, "सुचेल."

१७ ऑगस्ट

सुचलं. मला दळताना सुचतं तसं यांना दाढी करताना सुचतं. अर्धी दाढी तशीच ठेवून बाहेर आले.

आकड्यांच्या भेंड्या! गाण्यांच्या भेंड्यांत शेवटच्या अक्षरावरून पुढचं गाणं. इथे शेवटच्या आकड्यावरून पुढची जोडी. प्रत्येक जोडीला दोन आकडी नंबर. डाव्या बैलावर एक आकडा, उजव्यावर दुसरा. ७४ च्या मागे चाराने सुरू होणारा, म्हणजे ४९. त्याच्या मागे नवाने सुरू होणारा. अशी साखळी. एक नंबर नाहीच, त्यामुळे एक नंबरचं भांडण नाही. चौऱ्याहत्तर मोठा की त्र्याऐंशी मोठा, असं कोणी विचारूच शकत नाही. रांग आकडे लावतील, माणूस नाही.

खरं सांगायचं तर कल्पना बरी आहे. तोंडावर बोलले नाही. एका गालाला साबण असलेल्या माणसाचं कौतुक करवत नाही.

१९ ऑगस्ट, रविवार

यांच्या पहिल्या यादीत साखळी लागतच नव्हती. एक जोडी कोणाच्याच मागे बसत नव्हती आणि दुसरीही बसत नव्हती. दोन पहिल्या! म्हणजे पुन्हा दातांवर आलं. मी म्हटलं, सरका. सात वांगी घेतली, चुन्याने त्यांच्यावर आकडे काढले आणि ओळीने लावली. ७४, ४९, ९२, २६, ६१, १८, ८३. चुलीवर आधण येईपर्यंत झालं.

यात गंमत अशी की ही साखळी दुसरीकडून सुरूच करता येत नाही. सात हा आकडा कोणाच्याच शेवटी नाही, म्हणून ७४ पहिलाच येणार. तीन कोणाच्याच सुरुवातीला नाही, म्हणून ८३ शेवटचाच. चिठ्ठी काढताना मात्र हे कोणाच्या बापाला कळणार नाही.

हे दुपारभर ती वांगी घेऊन बसले, गावाला समजावून सांगायचा सराव म्हणून. चार वाजता हाक मारली, "अगं, ९२ च्या पुढे अडतंय. तुझं गणित चुकलं." गेले. मोजली तर सहा वांगी. २६ नव्हतं. मग आठवलं, सकाळी भरतासाठी टोपलीतलं एक मीच उचललं होतं. सव्वीस यांच्याच पोटात होतं आणि हे माझं गणित तपासत होते.

नवीन वांग्यावर २६ काढून दिलं. चुना जास्त लागला.

२० ऑगस्ट, श्रावणी सोमवार

उपास. रंगूबाई आली होती, भावाला पत्र लिहून घ्यायला. तिचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली. पाच एकर एकटी वाहते, औताला बैल स्वतः जुंपते, म्हणून गाव तिला नावं ठेवतं. आणि तिच्या जोडीलाही. तिचा एक बैल उंच, एक बुटका. आधीच्या जोडीतला एक मेला, दुसरा मिळाला तो असा. जू तिरकं बसतं, त्यामुळे तिचं सगळं शेत किंचित वाकडं आहे.

पत्र लिहून झालं. तेवढ्यात तिने माझ्या भाकरीकडे बघितलं.

"मास्तरीणबाई, तुमी भाकर लय जाड करता. मास्तरचे दात पडतीन."

या वाडीत माझ्याशी पाच वाक्यांपेक्षा जास्त बोलणारी ही एकटीच बाई आहे, आणि तिची सहाही वाक्यं अशीच असतात. मी विचारलं, पोळ्याला तुमची जोडी कितवी असते? म्हणाली, "इधवेची जोडी अन् तोरन? सगळे गेले का मागून जातो आमी. तवरोक तोरनाचं एक पान नसते रायलं." आणि हसली. मला नाही हसू आलं.

२२ ऑगस्ट

आज उकंडराव घरी आले. हातात दुधी भोपळा. उकंडराव कोणाला फुकट भोपळा देणाऱ्यांतले नाहीत, म्हणून मी दाराआड उभी राहिले.

"मास्तर, माह्या जोडीले बापजाद्यापासून मान हाय. तुमच्या गणिताले तेवढं सांगून ठेवा."

हे म्हणाले, "गणिताला सांगता येत नाही, उकंडराव."

"कोनालेबी सांगता येते." मग आवाज चढवून, म्हणजे दाराआड ऐकू जावं असा — "मास्तरीणबाईचं माहेर कारंज्याले हाय म्हंते. माहा साळा अकोल्याले साहेबाच्या कचेरीत हाय. जोडी पयली निंगाली का आठ दिवसांत बदलीचा कागद. कारंजा लाड."

भोपळा ठेवून गेले.

२३ ऑगस्ट

कारंजा! कारंजा! कारंजा!

२४ ऑगस्ट

काल धड लिहिता आलं नाही. आज नीट लिहिते.

तीन वर्षं झाली इथे. संध्याकाळी दिवा लावला की बोलायला भिंत. आई आजारी पडली तेव्हा मेडशीची मोटार चुकली म्हणून मी दोन दिवसांनी पोचले, तोवर ती बरी होऊन पापड लाटत होती आणि मलाच ओरडली. माझी बहीण कारंज्याला आमच्या गल्लीतच दिली आहे. तिला रोज आईच्या हातचा चहा. मला पत्र! कापसाच्या दिवसांत बाजारात गाड्यांची रांग लागते, तंबूतला सिनेमा येतो, देवळाच्या गल्लीत बांगडीवाला बसतो. हे सगळं मी रात्री झोपताना मोजते. यांना सांगितलं नाही कधी. सांगून काय, यांनी दोनदा अर्ज केला होता, उत्तर आलं नाही.

आणि आता एका बैलजोडीवर अडलंय. ७४ ची चिठ्ठी उकंडरावांना मिळाली की झालं. बस्स!

२६ ऑगस्ट, रविवार

यांना मनवायला दोन दिवस लागले. "गावाला शब्द दिलाय" हे नऊ वेळा ऐकलं. मी म्हटलं, शब्द गणिताचा दिला आहे. गणित तर होणारच आहे. फक्त एका चिठ्ठीला हळदीचं बोट लागलेलं असेल आणि ते उकंडरावांना ठाऊक असेल. हळद शुभ असते.

यांनी दिव्याची वात सारखी केली. मग म्हणाले, "तुला कारंजा खरंच एवढं पाहिजे?"

मी म्हटलं, "हो." आणि रडले. रडायचं ठरवलं नव्हतं, पण आलं.

म्हणाले, "बरं."

संध्याकाळी पारावर बैठक झाली. रामकिसनला कागदावर भरोसा नाही. तो म्हणे, मास्तरच्या कागदात काय हाय ते मास्तरले ठाऊक. "कागद-फिगद नाई. तोरनापाशी बैलाच्या आंगावर जे गाव वाचन, तेच खरं." सगळे हो म्हणाले. उकंडरावही हो म्हणाले, कारण त्यांना वाटलं आपलं काम झालेलं आहे.

२९ ऑगस्ट

गेरू आणायला यांनी वाडीतल्या रतनसिंगला किन्हीराजाच्या बाजारात पाठवलं. चार शेर आणला! आकडा कपाळावरही काढायचा आणि मागे शेपटीजवळच्या पुठ्ठ्यावरही, असं यांचं म्हणणं. पुढून दिसला पाहिजे, मागूनही दिसला पाहिजे. मी म्हटलं, मागून कोण वाचणार, शेपूट? यांना कधीकधी एखादी गोष्ट डोक्यात बसते.

१ सप्टेंबर

वेणी घालताना मनातल्या मनात सामान बांधलं. जातं न्यायचं नाही. कारंज्याला पिठाची गिरणी आहे.

३ सप्टेंबर, सोमवार

आज खांदमळणी. बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लावून मळलं, उद्याच्या जेवणाचं आवतण दिलं. रंगूबाईने आवतण देताना तिच्या बुटक्या बैलाला वेगळं सांगितलं, मोठ्याच्या ताटातलं खाऊ नको म्हणून.

मग चिठ्ठ्या. लोटा यांच्या हातात, आणि लोटा शाळेचा, म्हणजे कोणाच्या घरचा नाही. हळदीचं बोट मी स्वतः लावलं होतं. पहिला हात उकंडरावांचा. एवढा वेळ लोट्यात डोकावून चाचपत होते की रामकिसन म्हणाला, "लोट्यात मासोळ्या हायेत का पाटील?" निघाली. ७४! उकंडरावांनी वाचून दाखवली नाही, नुसत्या मिशा पुसल्या.

रामकिसनला २६. तो बिचारा खूश. त्याला काय माहीत, २६ इकडून मोजलं तरी चौथा आणि तिकडून मोजलं तरी चौथा.

शेवटी रंगूबाई. तिला कोणी बोलावलंच नव्हतं. सगळ्यांचं झालं तेव्हा यांनीच हाक मारली, उरलेली चिठ्ठी तिच्या हातात घातली. ८३. म्हणजे शेवटची. यंदाही शेवटचीच. मला उगाच वाईट वाटलं. पण गणितच आहे ते, मी काय करणार!

यांनी सगळ्यांना ओरडून सांगितलं — पहिला आकडा डाव्या बैलावर, दुसरा उजव्यावर. ज्याला लिहिता येत नाही त्याला पाटीवर मोठा काढून दिला. उद्या सकाळी रंगवायचं आणि मास्तर सांगतील त्या जागी उभं राहायचं.

कारंजा, एक दिवस!

४ सप्टेंबर, मंगळवार. पोळा

सगळं सविस्तर लिहिते. पुरण झालं, जेवणं झाली, भांडी तशीच पडली आहेत.

दुपारी सातही जोड्या सजून आल्या. झुली, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरं. रंगूबाईने बुटक्याच्या शिंगांना चहाच्या पुड्याचा चंदेरी कागद लावला होता. मोठ्याला पुरला नाही, म्हणून त्याच्या एकाच शिंगाला. मारुतीपासून विहिरीपर्यंत आमची एकच गल्ली, आणि ती एवढी अरुंद की दोन जोड्या एकमेकींना ओलांडून जाऊ शकत नाहीत. मारुतीपाशी दोन बांबूंवर तोरण. त्याच्याकडे तोंड करून उकंडरावांची जोडी पुढे, मग यांनी सांगितल्याप्रमाणे बाकीच्या, सगळ्यांच्या मागे विहिरीपाशी रंगूबाई. आम्ही बाया शाळेच्या ओट्यावर. तिथून सगळं दिसतं.

हे तोरणाखाली उभे राहिले, बैलांकडे तोंड करून. रामकिसन आणि चार जण बाजूला, वाचायला.

हे मोठ्याने म्हणाले, "वाचा."

रामकिसनने वाचलं, "सत्तेचाळीस."

मला वाटलं, याला वाचता येत नाही. मग मी बघितलं. सत्तेचाळीसच होते! पुढे वाचले तर चौऱ्याण्णव. मग एकोणतीस. सगळेच उलटे! आणि त्याच क्षणी कळलं. औत हाकणारा माणूस बैलाच्या मागे असतो. त्याला बैलाचं तोंड दिसत नाही. त्याचा डावा बैल म्हणजे मागून बघताना डावा. सातही घरांनी तसंच रंगवलं, आयुष्यभर तसंच बघितलं आहे. आणि आमचे मास्तर उभे पुढे! पुढून डाव्याचं उजवं होणार हे यांच्या डोक्यात आलंच नाही. तीन वर्षं पोरांना दिशा शिकवतात!

"सत्तेचाळीसच्या मागं सातानं सुरू होनारा पायजे," रामकिसन म्हणाला. "हे तं चौऱ्यान्नव हाय. मास्तर, कायची साखळी हाय ही?"

झाला गोंधळ. उकंडराव म्हणाले कागद बघा. रामकिसन म्हणाला कागद चालत नाही असं ठरलंय, तुम्हीच हो म्हणालात. एकाने झडती, पोळ्याचं टोमण्यांचं गाणं, म्हणायला घेतली, तीत उकंडरावांच्या आजोबांचं नाव आलं. कोणीतरी काठी आणायला घरी गेलं. आणि यात हे! हातात कागद, तोंड उघडं, एकदा बैलांकडे बघतात, एकदा ओट्याकडे. उकंडरावांच्या बैलाने कंटाळून तोरणाचं एक टोक खायला सुरुवात केली.

मला दोन्ही वाटा एकदमच दिसल्या. एक सोपी. "मागून वाचा" एवढं म्हटलं की झालं. पुठ्ठ्यांवर आकडे आहेतच, सगळे सरळ, उकंडराव पहिले, आठ दिवसांत कारंजा. माझ्या ओठांवर आलं होतं ते. मी ओट्याच्या कडेला येऊन तोंड उघडलंही.

तेवढ्यात उकंडराव ओट्याकडे बघून म्हणाले, "बायाहो, गलबला करू नका. इथं गनित चालू हाय."

गणित! ज्याने भोपळा आणून दिला तो माणूस मला गणित सांगतोय!

आणि दुसरी वाट तर समोरच होती. प्रत्येक नंबर उलटा झाला तर साखळी तुटत नाही. ती नुसती दुसऱ्या टोकाने सुरू होते. ३८, ८१, १६, ६२, २९, ९४, ४७. एकही सांधा सुटत नाही. रंगूबाईची दया आली म्हणून बोलले असं लिहिलं तर खोटं होईल. मला आधी ती साखळी दिसली, आणि ती इतकी नीट बसत होती की तोंड बंद ठेवता आलं नाही. रंगूबाई त्यानंतर दिसली, विहिरीपाशी, त्या एका चंदेरी शिंगाशेजारी, काय चाललंय ते कळत नाही म्हणून टाचा उंचावून बघणारी.

मी ओरडले, "रांग उलटी आहे! शेवटची जोडी पहिली! अडतीसपासून वाचा!"

रामकिसन विहिरीपर्यंत धावत गेला आणि तिथून एकेक जोडीचं कपाळ वाचत आला. अडतीस, एक्याऐंशी, सोळा, बासष्ट — हा त्याचा स्वतःचा, तरीही त्याने तो आनंदाने वाचला — एकोणतीस, चौऱ्याण्णव, सत्तेचाळीस. शेवटचा तर त्याने उकंडरावांच्या तोंडासमोर उभं राहून वाचला.

"बसली!" म्हणाला. "बराबर बसली. पाटील, तुमी शेवट."

आता रांग फिरवायची कशी? जोड्या ओलांडता येत नाहीत. मग जागच्या जागी सगळे बैल वळवले, आणि रतनसिंगने तिघांना घेऊन तोरण बांबूंसकट उपटलं आणि भिंतीला घासत गल्लीभर पळवत विहिरीपाशी नेलं. तोरण शोधत बैल येतात, हे ऐकलं होतं. बैल शोधत तोरण गेलेलं मी आज बघितलं. अर्धं उकंडरावांच्या बैलाच्या पोटात होतं, पण बाकीचं पोचलं.

उकंडराव मागून आलेच. "इधवेची जोडी पयली? असं कदी झालं काय? अशुभ हाय ते."

सगळे थबकले. मला वाटलं आता मोडलं. रंगूबाईने बुटक्याची शिंगदोरी हातात गुंडाळली.

"नवरा माहा मेला, उकंडराव. बैलाचा नाई मेला."

रामकिसन हसता हसता खाली बसला. मग सगळेच. काठी आणायला गेलेला माणूस काठी घेऊन परत आला, त्याला काही कळेना, तोही हसला. उकंडराव यांच्याकडे वळले. "मास्तर, गनित चुकलं म्हना."

हे म्हणाले, "गणित बरोबर आहे. गावानेच वाचलं."

मोठा बैल पुढे झाला, बुटका त्याच्या मागून ओढला गेला. तोरण तुटताना तिरकंच तुटलं. घुंगरं, ढोल, झडत्या! यंदा कोणाच्या आजोबांचं नाव नाही. बैल कोणाच्याही तुरीत गेले नाहीत. आपापल्या घरी गेले आणि पुरणपोळी खाल्ली.

आता कारंजा गेलं. मी स्वतः घालवलं. कोणाला दोष द्यायला नाही, याचाच राग येतोय.

५ सप्टेंबर

उकंडरावांनी भोपळा परत मागवला. त्याची भाजी झाली हे कळवलं.

सकाळपासून चिडचिड. यांना म्हटलं, डावं-उजवं कळत नाही तर गणिताचा शब्द कशाला देता? तुमच्यामुळे तिथे बोलायची पाळी आली माझ्यावर. गप्प उभे होतात, खांबासारखे! मान खाली घालून ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू बरोबर केलंस." मी म्हटलं, मला माहीत आहे मी बरोबर केलं, म्हणून काय मी रडू नको का?

दुपारी पाच बाया आल्या. पाच! माझ्याकडून आकड्यांच्या भेंड्या शिकायच्या म्हणून. दिवेलागणीपर्यंत हलल्या नाहीत. दोघींना तर आकडेच येत नाहीत, आधी ते शिकवावे लागले. रंगूबाईला पहिल्याच खेपेला जमलं. म्हणाली, "हे तं माह्या शेतासारखं हाय. वाकडं पन सलग."

तिने पुन्हा माझ्या भाकरीला नावं ठेवली. पहिली आली म्हणून माणूस बदलत नाही.

६ सप्टेंबर

आज सात बाया. पाट्या कमी पडल्या.

७ सप्टेंबर, शुक्रवार. हरतालिका

यांना एकट्याला वाढत होते. सहज म्हटलं, नशीब बघा, नेमकी ८३ रंगूबाईलाच उरली.

हे म्हणाले, "उरली नाही. ती लोट्यात नव्हतीच. माझ्या मुठीत होती."

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. मी विचारलं, आणि डावा बैल?

"मीही शेतकऱ्याच्याच घरातला आहे. डावा बैल कुठून बघतात ते मला कळतं."

मग तोरणाखाली बावळटासारखे उभे का राहिलात? तर ताटाकडे बघत म्हणाले, "कारंजा तुला पाहिजे होतं. नको म्हणायचा हक्क माझा नव्हता. मागून वाचलं असतं तर कारंजा, पुढून वाचलं तर रंगूबाई. दोन्ही वाटा ठेवल्या आणि तुझ्याकडे बघत राहिलो." मग म्हणाले, "भाकरी अजून आहे का?"

आजचा उपास हाच नवरा जन्मोजन्मी मिळावा म्हणून असतो. दरवर्षी संध्याकाळी मी डब्यातले शेंगदाणे चोरून खाते. आज खाल्ले नाहीत.